सुटे कागद

"किती दिवसांसाठी जाताय?" काचेपलीकडून आत्याबाईंनी विचारलं.

"दोन..." माई म्हणाल्या, आणि पुढचा शब्द काही केल्या घशाबाहेर येईना.

"महिने! वहिनी, महिने म्हणा. सकाळपासून ही सातवी वेळ."

"म्हणतेय ना. जरा श्वास तरी घेऊ द्या."

"तिथे नाही कोणी श्वास घेऊ देत. तुमच्या मागे शंभर माणसं उभी असतात."

रविवार, म्हणून पुस्तकबांधणीचं दुकान बंद होतं. माणसं मात्र सगळी दुकानातच होती. दर्शनी बाजूला गिऱ्हाइकांसाठी एक खिडकी होती, जाड काचेची, खाली दोन बोटं उंचीची फट ठेवलेली. गिऱ्हाईक बाहेरून पावती सरकवायचं, आतून उत्तर यायचं. वकिलातीतली खिडकी हुबेहूब अशीच असते, असं आत्याबाईंचं म्हणणं, आणि त्यांचा शब्द खाली पडू द्यायची सोय नव्हती, कारण त्या तिथून एकदा व्हिसाचा नकार घेऊन आल्या होत्या. मुलाकडे जायला निघाल्या होत्या. साहेबाने विचारलं, तिकडे राहायचा विचार आहे का? आत्याबाईंनी जन्मात कुणाचा पाहुणचार तोंडावर नाकारलेला नव्हता. त्या मोठ्या अदबीने म्हणाल्या, "बघू की, आवडलं तर राहू!" झालं. चौथ्या मिनिटाला बाहेर. तेव्हापासून त्या या विषयातल्या जाणकार झाल्या होत्या आणि नात्यागोत्यातल्या प्रत्येक मुलाखतीची तयारी त्यांच्याकडेच असायची.

मुलाखत उद्या सकाळी नऊला होती.

माईंची जीभ अडत होती त्याचं कारण आत्याबाईंनाही माहीत होतं, फक्त ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी याच खिडकीशी माईंची धाकटी लेक उभी राहिली होती. बाहेर ती, आत तिचे वडील, नाना. त्या तालमीत साहेबाचं काम नानांनी हौसेने घेतलं होतं. कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचारलं होतं, "शिक्षण संपल्यावर परत याल कशावरून?" आणि धाकटी खोखो हसत म्हणाली होती, "दोन वर्षांत येते, साहेब. तोवर माझं टेबल कुणाला देऊ नका." दोनाची चार झाली, चाराची सहा. तिथेच नोकरी, तिथेच लग्न, तिथेच मुलगी. आता तिच्या कायम राहण्याचे कागद अर्ध्यावर होते आणि ते हातात पडेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. टाकलं तर सगळं पहिल्यापासून. नानांनी दोन वर्षं वाट पाहिली, तिसऱ्या वर्षी तिच्याशी बोलणं थांबवलं आणि या खिडकीशी बसणंही. गिऱ्हाइकांना उत्तरं तेव्हापासून थोरला मुलगा देत होता.

माईंना नातीला मांडीवर घ्यायचं होतं. ती आठ वर्षांची झाली, मांडीवर बसण्याचं तिचं वय सरत आलं होतं. आणि धाकटीच्या कपाळाशी, उजव्या बाजूला, एक पांढरा केस दिसायला लागला होता. तो खरंच केस आहे की खोलीतल्या उजेडाची तिरीप, हे फोनच्या पडद्यावर माईंना गेले चार महिने ठरवता येत नव्हतं. जवळ जाऊन बघावं, बोटाने बाजूला सारावं, एवढंच होतं. पण एवढंसं कारण सांगून व्हिसा मिळत नाही.

"पुन्हा घेऊ," आत्याबाई चष्मा सावरत म्हणाल्या. "कशासाठी जाताय?"

"लेकीचे केस विंचरायला."

"वहिनी!"

"भेटायला. लेकीला भेटायला."

"आणि परत याल कशावरून?"

माई काचेवरचा डाग पुसायला लागल्या. सुनेने लिहून दिलेलं उत्तर त्यांना पाठ होतं. घर इथे आहे, मुलगा इथे आहे, दुकान इथे आहे, दुकानात मी शिवणकाम करते. एकेक वाक्य खरं होतं. तरी म्हणताना त्यांना आपण खोटं बोलतोय असं वाटायचं, आणि तसं का वाटतं, याच्या खोलात शिरायचं त्या टाळत होत्या.

"बघ," कटिंग मशीन पुसता पुसता थोरला म्हणाला. "तिला स्वतःलाच खात्री नाही. मी केव्हाचा सांगतोय."

"काय सांगताय?" सूनबाईने टेबलावरून मान वर केली. तिनेच सगळा अर्ज भरला होता, ऑफिस सांभाळून, एकेक कागद गोळा करून.

"हेच, की गेली की नात गळ्यात पडेल, धाकटी रडेल, आणि दोन महिन्यांचे सहा महिने होतील. शाळेच्या वह्यांचं काम तोंडावर आलंय. माईसारखं शिवणारं माणूस आणू कुठून मी?"

"म्हणजे शिवायला माणूस नाही म्हणून त्यांनी लेकीचं तोंड बघायचं नाही?"

"तसं म्हणालो का मी?"

"मग कसं म्हणालात?"

थोरल्याने फडकं दोनदा झटकलं. त्याला काय म्हणायचं होतं ते माईंना कळत होतं. एकदा तो बहिणीला सोडायला गेला होता आणि रिकाम्या हाताने नानांबरोबर परत आला होता. त्या दिवसापासून घरातलं कुणी प्रवासाला निघालं की हा कामाच्या याद्या काढायला लागायचा. चाळिशीला आलेला माणूस, पण आई जाणार म्हटल्यावर शाळेच्या वह्यांआड लपत होता.

"पुरे," आत्याबाई म्हणाल्या. "कागदांची तालीम घेऊ. साहेब एकेक कागद मागतो. मागितला तेवढाच फटीतून सरकवायचा, जास्तीचा नाही. सूनबाई, फाईल आण."

फाईल कपाटात नव्हती.

सूनबाईने टेबलाचे खण उघडले, कपाटावरचं बघितलं, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागे हात घातला. "काल दुपारी मी आणि माई फोटो काढायला गेलो तेव्हा इथेच होती. निळी, प्लास्टिकची. पासपोर्टसकट."

थोरल्याने मशीन सोडलं. आत्याबाई खिडकीमागून उठल्या. सगळे शोधायला लागले आणि दुकानात पसारा झाला, तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा बाजूला करून नाना आले. एका हातात चहाचा कप. दुसऱ्या बगलेत पुस्तक.

"हे शोधताय का?" ते म्हणाले, आणि पुस्तक टेबलावर ठेवून चहा प्यायला लागले.

गडद हिरव्या कापडाची बांधणी होती. कोपरे चामड्याचे, पाठ गोलाकार, कडा एका रेषेत कापलेल्या. सूनबाईने ते उघडलं आणि ती एकेक पान उलटायला लागली. अर्जाची पोच, मुलाखतीचं पत्र, बँकेचं पत्र, घराचे कागद, दुकानाचा परवाना, धाकटीचं बोलावण्याचं पत्र, लग्नाचा दाखला. सगळं ओळीने, पानाला पान लावून शिवलेलं. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत कापडाचा खिसा होता आणि त्यात पासपोर्ट होता.

"नाना," थोरला शेवटी म्हणाला, "हे काय केलंत?"

"सुटे कागद हरवतात."

"पण ते सुटेच हवेत!" सूनबाई रडकुंडीला आली. "एकेक मागतात हो ते!"

"मग पान उघडून दाखवायचं. अनुक्रमणिका लावलीय पुढे."

लावली होती खरंच. नानांच्या ठसठशीत अक्षरात.

आत्याबाईंनी पुस्तक उचललं, बाहेरच्या बाजूने खिडकीशी गेल्या आणि फटीतून सरकवायचा प्रयत्न केला. पुस्तक फटीशी अडलं. आडवं केलं, तिरकं केलं. तिरकं केल्यावर एक कोपरा आत गेला आणि तिथेच रुतून बसला.

"दादा," त्या काचेतून भावाला म्हणाल्या, "एवढी मोठी फट नसते कुठल्या वकिलातीला."

एरवी सगळे हसले असते. थोरला मात्र तापला. सकाळपासून माईने जाऊ नये असं म्हणणारा हाच, पण आता तो गर्रकन फिरून आईच्या बाजूला आला. "मुद्दाम केलंत तुम्ही. तिने जाऊ नये म्हणून. सरळ सांगायचं होतं ना, जाऊ नकोस म्हणून! चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला कळत नाही, कागद टोचला की भोक पडतं ते?"

"अक्षराला धक्का लागलेला नाही," नाना म्हणाले. "समासातच टोचलंय."

"समासाचं कोण विचारतंय!"

नानांनी कप खाली ठेवला. त्यांनी माईंकडे बघितलं नाही. "तुमचं काय ते करा," म्हणाले आणि पडद्याआड गेले.

माई इतका वेळ उभ्याच होत्या. त्यांनाही राग आला होता, चांगला सणसणून आला होता. सहा महिने धडपड करून मिळालेली तारीख. ही हुकली तर पुढची कधी, आणि तोपर्यंत नात केवढी होईल. त्या टेबलाशी आल्या, स्टुलावर बसल्या आणि खणातली छोटी कात्री काढली. "आण इकडे. मीच उसवते. चाळीस वर्षं शिवतेय, उसवायला काय लागतंय."

आत्याबाईंनी पुस्तक सोडवून आणलं. माईंनी ते मधोमध उघडलं, दोरा शोधला आणि कात्री लावणार तोच थांबल्या.

टाके वाकडे होते.

या दुकानात शिवायचं माईंनी आणि कव्हर चढवायचं नानांनी, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून होती. डोळे अधू झाल्यापासून तर नानांनी सुईला हात लावलेला नव्हता. दोन ठिकाणी सुई चुकून परत घातलेली दिसत होती. एका ठिकाणी दोरा सुटला होता आणि गाठ मारून पुन्हा सुरुवात केली होती. एका टाक्याशी तपकिरी ठिपका होता. बोटाला टोचली असणार. काल दुपारी त्या फोटो काढायला गेल्या होत्या त्या दोन तासांत, चष्म्यावर भिंग धरून, हा माणूस एकटा बसून हे शिवत होता.

"अडवायचं असतं," माई हळू आवाजात म्हणाल्या, "तर फाईल लपवली असती. इतका खटाटोप कशाला केला असता?"

"माई," सूनबाई म्हणाली, "आतलं बघा. पुढचं."

माईंनी पुढचा पुठ्ठा उघडला. आतल्या बाजूला अस्तराचा कागद डकवला होता. निळ्यात करडा, करड्यात केशरी, लाटांसारख्या रेघा एकमेकींत शिरलेल्या. शेवटच्या पुठ्ठ्याला तसाच दुसरा. हे कागद धाकटीने केले होते, पंधरा वर्षांची असताना. परातीत पाणी घ्यायची, त्यात काहीतरी मिसळून ते दाटसर करायची, वर रंगाचे थेंब सोडायची, काडीने रेघा ओढायची आणि कागद वरून अलगद टेकवायची. एकदा झाला तसा कागद पुन्हा व्हायचा नाही. गिऱ्हाइकं मुद्दाम मागायची. ती गेली तेव्हा अठरा कागद उरले होते. ते दोन-तीन वर्षांत संपले, असं नाना सगळ्यांना सांगत आले होते. चांगल्या चांगल्या गिऱ्हाइकांना त्यांनी हात जोडून नाही म्हटलं होतं.

थोरल्याने कागदावरून बोट फिरवलं. "हे होते?"

"दोन ठेवले होते म्हणायचे," आत्याबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पदरानं नव्हे तर थोरल्याच्या फडक्यानंच पुसायला लागल्या. त्याने चष्म्याला वंगण लागलं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"वकिलातीसाठी नव्हतंच हे," माई म्हणाल्या. "मी तिथे गेल्यावर बॅग कोण उघडणार? ती. फाईल कुणाच्या हातात पडणार? तिच्या."

थोरला खाली मान घालून उभा राहिला. मघाशी बोललेलं परत घेता येत नव्हतं, म्हणून त्याने आईच्या हातातली कात्री काढून घेतली आणि शिवणीचा बारीक टोकाचा चाकू आणून दिला, कागद फाटू नये म्हणून.

"नको," पडद्याशी आवाज आला. नाना तिथेच उभे होते, कधीपासून ते देव जाणे. "तिला उसवू देऊ नका. दोरा कसा फिरवलाय ते मलाच माहीत. इकडे द्या."

ते बसले. माईंनी त्यांच्यासाठी भिंग धरलं. नाना एकेक टाका उचलत होते, दोरा कापत होते, कागद सुटा करून सूनबाईच्या हातात देत होते, आणि ती तो निळ्या फाईलमध्ये लावत होती. अर्जाची पोच. मुलाखतीचं पत्र. बँकेचं पत्र. धाकटीचं पत्र सुटलं तेव्हा ते त्यांनी लगेच दिलं नाही. खालच्या सहीवर नजर फिरवली आणि मग दिलं. अर्ध्या तासात काम संपलं. टेबलावर हिरवं कव्हर उरलं, आत दोन रंगीत कागद आणि मध्ये काही नाही.

"हे दाबाखाली ठेवतो," नाना म्हणाले. "परत आलीस की हेच कागद पुन्हा शिवू. या वेळी तू शिव. माझे टाके काही खरे नाहीत."

माई नुसत्या हं म्हणाल्या.

"पुन्हा एकदा तालीम घ्यायची?" आत्याबाई खिडकीकडे निघाल्या.

"थांब," नाना म्हणाले. "मी बसतो."

आठ-नऊ वर्षांनी ते त्या खुर्चीत बसले. खुर्ची थोरल्याच्या उंचीची करून ठेवलेली, त्यामुळे त्यांचा चेहरा काचेत जरा खालीच दिसत होता. माई बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. फाईल छातीशी धरली.

"कुठे जाताय?"

"लेकीकडे."

"किती दिवसांसाठी?"

"दोन महिने," माई म्हणाल्या, आणि शब्द असा सरळ बाहेर पडला की त्यांनाच नवल वाटलं.

"घरी कोण कोण आहे?"

"मुलगा, सून. आणि आमचे हे."

नानांनी कपाळाला आठ्या घातल्या. पुढचा प्रश्न आत्याबाईंच्या यादीत नव्हता. "मग तुमचे यजमान का नाही येत बरोबर?"

आत्याबाई मध्ये बोलणार होत्या. सूनबाईने त्यांचा हात धरला.

"त्यांना वाटतं, त्यांना कुणी बोलावलेलं नाही," माई म्हणाल्या. काचेमुळे जरा मोठ्याने बोलावं लागत होतं आणि हे मोठ्याने बोलायचं त्यांना जड जात होतं. "दर रविवारी चारला फोन येतो. ती पहिलं तेच विचारते, नाना आहेत का गं जवळ? मी सांगते, नाही, मागे कामात आहेत. आठ-नऊ वर्षं सांगतेय. ते पडद्यामागे उभे असतात, साहेब. मला त्यांची पावलं दिसतात खालून. फोन झाला की ते चहा मागायला येतात, आणि मी तिचं सगळं बोलणं पुन्हा सांगते, त्यांनी ऐकलेलं नाही असं धरून. मला दोघांच्या मधे उभं राहून फार कंटाळा आलाय. कधी वाटतं, तिथेच राहावं. निदान एका बाजूला तरी होईन."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, सकाळपासून अडकलेलं काय होतं ते. नानांची नजर काचेवरून फटीवर गेली आणि तिथेच राहिली.

"असं सांगितलंत तर व्हिसा मिळायचा नाही," ते म्हणाले.

"मग काय सांगू?"

नाना काही सांगणार होते की नाही, कोण जाणे. टेबलावरचा फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. सूनबाईने फोन उचलला आणि बाहेर येऊन माईंच्या हातात दिला. पडद्यावर धाकटी होती, तिकडच्या सकाळच्या उजेडात, केस न विंचरलेले, मागे कुठेतरी नात बूट शोधत होती.

"माई! झाली का गं तयारी? आत्या छळतेय का?" आणि मग, नेहमीसारखंच, "नाना आहेत का जवळ?"

माईंनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. त्यांनी फोन आडवा केला आणि फटीतून आत सरकवला. तो बरोबर गेला.

नानांनी फोन दोन्ही हातांत धरला, पोटाशी, तिला आधी त्यांची हनुवटीच दिसली असणार. पलीकडून एकदा "माई?" असं आलं. मागे नातीने बूट शोधणं थांबवलं.

"ते रंगीत कागद," नाना म्हणाले. घसा खाकरला. "संपले. शेवटचे दोन होते, काल लावले. मी करून बघितले मागे दोनदा, पण रंग तळाशीच जातो. तू पाण्यात काय घालायचीस?"

पलीकडून उत्तर आलं ते रडत आलं, तरी ते उत्तरच होतं. किती पाणी, काय मिसळायचं, रात्रभर भिजत ठेवायचं, ढवळायचं नाही. "हळू सांग," नाना म्हणत होते, "लिहून घेतोय." हातात पेन्सिल नव्हती. थोरल्याने कानामागची काढून दिली, तेव्हा ते मुलाखतीच्या यादीच्या मागेच लिहायला लागले.

आत्याबाई बाहेर येऊन माईंशेजारी उभ्या राहिल्या. आवाज खाली आणून, पण जाणकाराची जबाबदारी न सोडता, त्यांनी विचारलं, "वहिनी, शेवटचं राहिलंय. परत याल कशावरून?"

माईंनी काचेतून आत बघितलं. नाना फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेत होते, मग भिंग उचलून पडद्यावर धरत होते.

"हे काय विचारणं झालं?" माई म्हणाल्या. "तिच्या कपाळाशी ते पांढरं काय आहे, ते यांना येऊन सांगायला नको?"